किती मागे सरकता येईल?

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ हे वर्ष कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळातले हे काम. भूमिज शैलीचे शिखर वरच्या भागात अपुरे राहिलेले, भिंती शेकडो कोनांत मोडत जाणाऱ्या, आणि गाभारा पायऱ्या उतरून खाली. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी सूर्य शिखरामागून येतो आणि दुपार कलली की दर्शनी बाजूवर ऊन पडते. कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला इथे आधी उभे राहायची जागा शोधावी लागते. आवार मोकळे आहे, पण अमर्याद नाही. मागे सरकत गेलो की झाडे, कुंपण आणि माणसे मध्ये येतात.

थोडे गणित करू. समजा शिखराचा जो भाग फोटोत हवा आहे तो जमिनीपासून ९ मीटर उंच आहे आणि कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, दीड मीटरवर, उभा धरला आहे. कॅमेरा अजिबात वर न झुकवता शिखर चौकटीत आणायचे, तर ५० मि.मी.च्या लेन्सला सुमारे २१ मीटर मागे जावे लागते. ३५ मि.मी.ला साडेचौदा मीटर पुरतात, २८ मि.मी.ला बारा मीटरच्या आत काम होते, २१ मि.मी.ला पावणेनऊ मीटर आणि १५ मि.मी.ला सव्वासहा. ३६ बाय २४ मि.मी.च्या फिल्मवर उभ्या चौकटीच्या मध्यापासून वरची कड १८ मि.मी. दूर असते. तो १८ लेन्सच्या फोकल लेंग्थने भागला की प्रत्येक मीटर मागे सरकण्याबद्दल किती उंची मिळते ते कळते. कागदावर एकदा करून ठेवले की हे आयुष्यभर पुरते.

पण पावणेनऊ मीटरवरून दिसणारे मंदिर आणि एकवीस मीटरवरून दिसणारे मंदिर ही एकच दृश्ये नव्हेत. जवळून खालचे थर पुढे येतात, वरचे थर त्यांच्याआड दडतात, आणि शिखराचा चढ खरा असतो त्यापेक्षा घाईचा वाटतो. हे लेन्समुळे घडत नाही, जवळ उभे राहिल्यामुळे घडते. डोळ्यालाही तिथून तसेच दिसते. वाइड लेन्स आपल्याला जवळ उभे राहण्याची मुभा देते आणि जवळ उभे राहण्याचे सगळे परिणाम मग फोटोत येतात. दुसरे असे की कॅमेरा समपातळीत धरला की चौकटीचा खालचा अर्धा भाग जमिनीला जातो. २१ मि.मी.च्या चौकटीत आपल्या पायांपासून पावणेदोन मीटरवरची फरशीसुद्धा येते. त्या फरशीवर काय आहे याचा विचार फोटो काढण्याआधी करावा लागतो. ती टाळायला कॅमेरा वर झुकवला की मंदिराच्या उभ्या कडा माथ्याकडे एकमेकींकडे कलू लागतात. इतक्या काटेकोर वास्तूची ती मोडतोड मला पाहवत नाही.

सभामंडपात हेच गणित फार सुटसुटीत होते. मंडप चौरस आहे. ३५ मि.मी.ची लेन्स लावून कॅमेरा आडवा धरला की जितके अंतर, जवळपास तितकीच रुंदी चौकटीत येते, कारण फिल्मची रुंदी ३६ मि.मी. आहे. म्हणजे कोणत्याही चौरस खोलीत एका भिंतीला पाठ टेकवून उभे राहिलात तर ३५ मि.मी.ला समोरची भिंत दोन्ही टोकांसह दिसते. कोपऱ्यात उभे राहून दोन्ही भिंती हव्या असतील तर आडवा कोन नेमका ९० अंशांचा लागतो, आणि तो १८ मि.मी.ची लेन्स देते. २१ मि.मी.चा आडवा कोन ८१ अंशांचा, म्हणजे किंचित अपुरा. अर्थात मंडपाच्या मध्यभागी नखशिखांत कोरलेले चार खांब आहेत आणि ते बहुतेक वेळा हवे तिथे आडवे येतात. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि पूजाही रोज चालते. आत कॅमेरा काढण्यापूर्वी विचारलेले बरे.

आता रेंजफाइंडरकडे वळू, कारण रुंद कोनाच्या लेन्सची गोष्ट या कॅमेऱ्यांत वेगळ्या वाटेने गेली. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. शेजारच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. त्या खिडकीच्या मध्ये एक छोटा उजळ चौकोन असतो आणि त्यात दुसऱ्या एका खिडकीतून आलेली तीच प्रतिमा दिसते. लेन्सची कडी फिरवली की ही दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस जुळला. कडी फिरवून दोन प्रतिमा जुळवण्याची ही सोय लायकाच्या कॅमेऱ्यात १९३२ साली आली, त्याच वर्षी झाइसचा कॉन्टॅक्सही आला. लायकाची एम मालिका १९५४ साली एम३ या कॅमेऱ्याने सुरू झाली.

फिल्मच्या पुढ्यात आरसा नसणे ही या रचनेची मोठी देणगी. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वर उचलला जाणारा आरसा असतो, त्यामुळे लेन्सला लांब राहावे लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स बसण्याची कडी फिल्मपासून ४६.५ मि.मी. दूर आहे. लायका एमवर हेच अंतर २७.८ मि.मी. आहे, आणि लेन्सचा मागचा भाग तिथून आणखी आत, शटरच्या पडद्याच्या अगदी जवळ जाऊ शकतो. २१ मि.मी.च्या साध्या लेन्सला आपल्या प्रकाशीय केंद्रापासून फिल्म २१ मि.मी.वर हवी असते. आरशाच्या कॅमेऱ्यात तिथे आरसा आहे. म्हणून अशा कॅमेऱ्यांसाठी उलट्या दुर्बिणीच्या तत्त्वावरची लेन्स बनवावी लागली : पुढे मोठे, प्रकाश पसरवणारे भिंग आणि मागे तो गोळा करणारा संच. फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० साली अशी ३५ मि.मी.ची लेन्स आणली आणि तिला रेट्रोफोकस हे नाव दिले. पुढे ते नाव या साऱ्या कुळालाच चिकटले. निकॉनने १९५९ साली आपल्या नव्या एफ कॅमेऱ्यासाठी २१ मि.मी. एफ/४ लेन्स दिली, ती मात्र रेंजफाइंडरच्या घाटाची. ती बसवायला आरसा कायमचा वर अडकवून ठेवावा लागे आणि पाहायला डोक्यावर वेगळा फाइंडर लावावा लागे. म्हणजे तेवढ्यापुरते त्या कॅमेऱ्याने एसएलआर असणेच सोडून दिले.

रेंजफाइंडरला असली तडजोड करावी लागली नाही. मधल्या छिद्राच्या पुढे आणि मागे जवळपास सारखी भिंगे मांडता आली. अशा सममित मांडणीत पुढच्या भागाने रेषा बाहेर वाकवली तर मागचा भाग तितकीच आत वाकवतो, आणि रेषा सरळ राहते. सोव्हिएत संघात मिखाईल रुसिनोव्ह यांनी १९४६च्या सुमारास दोन्ही टोकांना मोठी बहिर्गोल पाठ असलेली रुंद कोनाची रचना मांडली. ती हवाई नकाशांसाठी होती, जिथे रेषा वाकणे म्हणजे नकाशा चुकणे. तिच्यातूनच २० मि.मी.ची रुसार लेन्स आली. झाइससाठी लुडविग बेर्टेले यांनी बायोगॉन घडवले. कॉन्टॅक्ससाठीचे २१ मि.मी. एफ/४.५ बायोगॉन १९५४ साली बाजारात आले. लायकासाठी श्नायडर कंपनीने सुपर-अँग्युलॉन बनवले, १९५८ साली एफ/४ आणि १९६३ साली एफ/३.४.

अंबरनाथच्या पीठाचे आडवे थर या लेन्सची परीक्षा घ्यायला उत्तम आहेत. दगडाची लांब सरळ रेघ चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला समांतर ठेवा. बायोगॉन किंवा सुपर-अँग्युलॉनमध्ये ती शेवटपर्यंत सरळ राहते. रेट्रोफोकस घाटाच्या अनेक लेन्समध्ये तीच रेघ मधोमध बाहेर फुगते. काहींत तर मध्ये फुगून टोकांशी पुन्हा वर वळते, आणि ती दुहेरी वाकण संगणकावर दुरुस्त करायलाही त्रासाची असते. ३५ मि.मी. एफ/१.४ नोक्टॉन क्लासिक ही कोसिनाने व्हॉइग्टलेंडर नावाखाली काढलेली छोटी, वेगवान लेन्स रस्त्यावर माणसांचे फोटो काढताना मला फार प्रिय आहे, पण तिने मंदिराचे थर टिपले तर ते स्पष्ट फुगलेले दिसतात. वास्तूसाठी तिच्याकडे जाऊ नये. झाइसने या शतकात रेंजफाइंडरसाठी पुन्हा काढलेले २१ मि.मी. एफ/४.५ सी-बायोगॉन या बाबतीत जवळजवळ निर्दोष आहे.

निर्दोष रेषांची किंमत मोजावी लागते ती प्रकाशात. तिरपा आलेला प्रकाश फिल्मवर कमी पडतो, आणि तो किती कमी पडतो याचा नियम कडक आहे : कोनाच्या कोसाइनचा चौथा घात. २१ मि.मी.च्या चौकटीचा कोपरा मध्यापासून ४६ अंशांवर असतो. तिथे मध्याच्या पावपटीहून थोडा कमी प्रकाश पोहोचतो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक. ३५ मि.मी.ला कोपऱ्यात अर्धा प्रकाश उरतो, एक स्टॉप कमी. १५ मि.मी.ला जेमतेम दहावा हिस्सा. रुसिनोव्ह यांच्या रचनेचे खरे कौतुक इथे आहे. तिरपे पाहिले तर त्या लेन्सचे छिद्र मोठे होताना दिसते, त्यामुळे काही प्रकाश परत मिळतो आणि चौथ्या घाताऐवजी साधारण तिसऱ्या घाताइतकीच घट होते. तरी कोपरे काळवंडतातच. १९६९ साली झाइसच्या होलोगॉनने १५ मि.मी.ची चौकट जवळपास वाकण न येता दिली. तिचे छिद्र एफ/८वर कायमचे बांधलेले होते, आणि कोपरे उजळायचे तर मध्यभागी गडद असलेली काच पुढे लावावी लागे. ती लावली की लेन्स एफ/१६ची झाली. रेट्रोफोकस घाटात मागून निघणारे किरण फिल्मवर अधिक सरळ पडतात, म्हणून तिथे कोपरे उजळ राहतात. लायकाने १९८० साली सुपर-अँग्युलॉनच्या जागी आणलेल्या २१ मि.मी. एल्मारिटमध्ये हीच अदलाबदल केली : कोपऱ्यांत प्रकाश वाढला, रेषांची शिस्त किंचित ढिली झाली. अदलाबदलीला आणखी एक कारण होते. कॅमेऱ्याच्या आत बसवलेल्या प्रकाशमापकाच्या आड सुपर-अँग्युलॉनचे मागचे टोक येत असे.

हे काळे कोपरे दोष म्हणून मोजले जातात. मी ते सरसकट दोष मानत नाही. पावसाळ्यात बदलापूरला उल्हास नदीच्या काठी उभे राहिले की वरचे आभाळ बहुतेक वेळा पांढरे, एकसारखे, निर्जीव येते. सममित २१ मि.मी.ने त्याच आभाळाच्या कडा आपोआप दाटतात आणि ढगांना खोली येते. मंदिराच्या भिंतीवर मात्र तीच घट खटकते, कारण तिथे कोपऱ्यातले शिल्प आणि मधले शिल्प यांना सारखाच मान हवा असतो.

बदलापूरला वाइड लेन्सची आणखी एक सवय उघडी पडते. रेल्वे फलाटावरून डोंगरांची रांग दिसते, मलंगगड, ताहुली, चंदेरी. डोळ्याला ती फार मोठी वाटते, कारण मन तिच्यावरच खिळते. समजा एखादा सुळका सहा किलोमीटरवर आहे आणि आपल्यापेक्षा ६०० मीटर उंच आहे. ५० मि.मी.ची लेन्स त्याला फिल्मवर ५ मि.मी. उंची देते. २१ मि.मी.ची लेन्स जेमतेम २.१ मि.मी. देते, २४ मि.मी. उंचीच्या चौकटीत. वाइड लेन्सने काढलेले सह्याद्रीचे इतके फोटो फसतात ते यामुळेच. तिथे जवळची वस्तू शोधावी लागते, नदीपात्रातला काळा खडक, भाताच्या खाचराचा बांध, आणि डोंगराला मागच्या रेघेची भूमिका द्यावी लागते. पसारा हाच विषय असेल तेव्हा मात्र २१ मि.मी.ला पर्याय नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. उल्हास नदी दोन्ही अंगांनी किती पसरली होती ते सांगायचे तर गाडी चौकटीत लहान असणेच खरे ठरते.

उल्हासनगरात प्रश्न अगदी उलटा होतो, कारण तिथे मागे भिंत असते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगतात. बराकींचे भाग पडले, पुढे वाढवले गेले, वर मजले चढले, आणि मधल्या गल्ल्या अरुंद होत गेल्या. गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचरची दुकाने, जीन्सचे कारखाने, सगळीकडे माल दारापर्यंत आलेला आणि माणसे मालापर्यंत आलेली.

अशा गल्लीत समोरच्या दुकानापासून तीन मीटर मागे सरकता आले तरी नशीब. तीन मीटरवरून ५० मि.मी.ची लेन्स सव्वादोन मीटरपेक्षा कमी रुंदी दाखवते, म्हणजे दुकानदार आणि त्याचे फळकूट. ३५ मि.मी.त तीन मीटर रुंदी येते, पूर्ण गाळा. २८ मि.मी.त जवळपास चार मीटर, म्हणजे गाळा आणि शेजारच्याची कड. २१ मि.मी.त पाच मीटरच्या वर, म्हणजे दोन गाळे, वरची ताडपत्री, खालची गटाराची फरशी आणि चौकटीच्या कडेने जाणारा हमाल.

त्या हमालाकडे नीट पाहायला हवे. २१ मि.मी.च्या चौकटीत लांब बाजूच्या कडेला असलेला चेहरा रुंदीला सुमारे ३२ टक्के ताणला जातो. २८ मि.मी.त हा ताण १९ टक्के असतो, ३५ मि.मी.त १२ आणि ५० मि.मी.त ६. लेन्स कितीही महाग घेतली तरी हा ताण जात नाही. उलट लेन्स जितकी निर्दोष, तितका तो नेमका याच मापाने येतो. सपाट फिल्मवर सरळ रेषा सरळ ठेवायच्या असतील तर कडेचा गोल लंबगोल होणे भूमितीनेच ठरलेले आहे. मंदिरासाठी ज्या बायोगॉनची स्तुती केली, तेच बायोगॉन गल्लीत कडेच्या माणसाचे डोके रुंद करते. रेषेशी इमान राखले की चेहऱ्याशी राखता येत नाही. त्यामुळे २१ मि.मी. लावली की माणसे मध्याच्या आसपास ठेवायची आणि कडेला भिंत, दार, गठ्ठे असे काहीतरी येऊ द्यायचे. चेहरा ताणलेला फोटो त्या माणसाला दाखवताना आपल्यालाच अवघडल्यासारखे होते, आणि ज्याचा फोटो काढला त्याला तो दाखवता आलाच पाहिजे असे मला वाटते.

२८ आणि ३५ यांच्यातला फरक आकड्यांत लहान दिसतो, पण रस्त्यावर तो स्वभावाचा फरक आहे. ३५ मि.मी.ने काढलेल्या फोटोत लेन्स जाणवत नाही. पाहणाऱ्याला वाटते, मी तिथे उभा होतो. २८ मि.मी.त पाहणारा गर्दीच्या आत ओढला जातो, पुढचा माणूस मोठा आणि मागचा झटकन लहान होतो, कारण तीच चौकट भरायला आपण एक पाऊल पुढे आलेलो असतो. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गॅरी विनोग्रँड यांनी लायकावर २८ मि.मी. लावून असेच काम केले. त्याच्या दुसऱ्या टोकाला आंरी कार्तिए-ब्रेसाँ. १९४७-४८ साली भारतात फिरताना आणि एरवीही त्यांचा भर मुख्यतः ५० मि.मी.वर राहिला. उल्हासनगरच्या बाजारात ५० मि.मी. घेऊन फिरणाऱ्याला सतत कोणाच्या तरी पाठीवर आदळावे लागेल. कार्तिए-ब्रेसाँ यांचा आदर ठेवूनही मी तिथे ती सुचवणार नाही.

गर्दीत फोकस जुळवायला वेळ नसतो, आणि इथे वाइड लेन्स रेंजफाइंडरची जुनी साथीदार ठरते. छिद्र एफ/८वर ठेवा. ३५ मि.मी.ची लेन्स पाच मीटरवर लावून ठेवली तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. २८ मि.मी. सव्वातीन मीटरवर लावली तर दीड मीटरच्या थोडे पुढून स्पष्टता सुरू होते. २१ मि.मी.ची लेन्स दोन मीटरच्या किंचित आत लावली की मीटरभरावरचा माणूससुद्धा स्पष्ट. लेन्सच्या कडीवर अंतराचे आकडे कोरलेले असतात, त्यामुळे हे सगळे डोळ्याला कॅमेरा न लावता, कमरेजवळ करून ठेवता येते.

गल्लीतली दुसरी अडचण प्रकाशाची. पत्रे आणि ताडपत्र्यांच्या फटींतून दुपारचे ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली येते. पट्टा डोळे दिपवणारा आणि शेजारची सावली काळी. नव्या लेन्सवर अनेक थरांचे लेप असतात, त्यामुळे काचेच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश नगण्य होतो आणि काळा खरोखर काळा येतो. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो. असा चुकार प्रकाश लेन्सच्या आत फिरत राहतो आणि शेवटी सावल्यांवर पातळ दुलईसारखा पसरतो. साठच्या दशकातल्या, एकाच थराचा लेप असलेल्या लेन्समध्ये त्यातला काही अंश राहतो. लायकाची १९६१ सालची ३५ मि.मी. एफ/१.४ समिलक्स पूर्ण उघडली तर दिव्यांभोवती आणि उजळ कडांभोवती प्रभा पसरते, आणि दोन-तीन स्टॉप बंद केली की तीच लेन्स शहाण्यासारखी रेखीव होते. नोक्टॉन क्लासिक तर कोसिनाने मुद्दाम दोन प्रकारांत विकली, एक थराच्या लेपाची आणि अनेक थरांच्या लेपाची. भिंगे तीच, फरक फक्त लेपाचा. दोन्हींनी ताडपत्रीखालची तीच सावली टिपली तर पहिलीत कापडाच्या गठ्ठ्याची वीण थोडी दिसते, दुसरीत गठ्ठा गडद ठिपका होतो. ठाणे जिल्ह्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हासाठी मी पहिलीच्या बाजूने आहे. सकाळी अंबरनाथला शिखरामागून सूर्य येत असताना मात्र लेन्स कोणतीही असो, लेप अनेक थरांचाच हवा, नाहीतर सगळे मंदिर धुक्यात गेल्यासारखे फिके पडते.

आपल्याकडे मराठी घरांत रेंजफाइंडर आले ते बहुधा लेन्स न बदलता येणारे. आयातीवर निर्बंध होते, तेव्हा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने आणलेला याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेट ही चैन होती. याशिकावर ४५ मि.मी. एफ/१.७ लेन्स कायमची बसवलेली असते. तिच्यापुढे फिरवून लावायचा एक जोड मिळत असे, ज्याने ती सुमारे ३८ मि.मी.ची होई. पाहायला वेगळा छोटा फाइंडर, फोकसचे आकडे तक्त्यावरून बदलून घ्यायचे, आणि कोपरे एवढे मऊ की छिद्र बरेच बंद करावे लागे. तरीही लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतली आत्या चौकटीत आणायला तो जोड कामी येई. अशा कॅमेऱ्यांतला चालू स्थितीतला एखादा आजही मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात सापडतो.

फिल्मऐवजी सेन्सर आला तेव्हा सममित लेन्सचा गुणच त्यांच्या आड आला. फिल्मला प्रकाश कितीही तिरपा आला तरी चालतो. सेन्सरवरच्या सूक्ष्म भिंगांना आणि वरच्या संरक्षक काचेला तो चालत नाही. २००६ सालच्या लायका एम८ची चौकट लहान होती, तेव्हा अडचण अर्धीच दिसली. २००९च्या एम९मध्ये पूर्ण आकाराचा सेन्सर आल्यावर सुपर-अँग्युलॉनच्या फोटोंत एक कड जांभळट-लाल आणि दुसरी हिरवट-निळी दिसू लागली, कोपरेही पसरट झाले. कंपनीने लेन्सच्या कडीवर सहा खुणांचा संकेत ठेवला, जो वाचून कॅमेरा लेन्स ओळखतो आणि रंग सुधारतो, पण सर्वांत सममित लेन्सपुढे ती दुरुस्तीही थिटी पडते. काळ्या-पांढऱ्या फोटोंत हा रंग दिसत नाही, म्हणून त्या लेन्स तिथे अजून सुखाने नांदतात. रंगीत डिजिटल कामासाठी २१ मि.मी. घ्यायचीच असेल तर रेट्रोफोकस घाटाची घ्यावी आणि रेषांची थोडी वाकण सोसावी.

या तीन गावांसाठी एकच लेन्स निवडायची तर मी २८ मि.मी. घेईन. मंदिराला बारा मीटर मिळतात, गल्लीत तीन मीटर पुरतात, आणि नदीकाठी खडक शोधायची तयारी असेल तर डोंगरही अगदी हरवत नाही. पण चष्मा असणाऱ्यांनी घेण्यापूर्वी कॅमेरा डोळ्याला लावून पाहावा. लायकात २८ मि.मी.च्या चौकटरेषा १९८०च्या सुमारास एम४-पी या कॅमेऱ्यात आल्या, आणि ०.७२ पट दाखवणाऱ्या नेहमीच्या खिडकीत त्या अगदी कडेला असतात. चष्म्यामुळे डोळा मागे राहिला की डावी-उजवी रेघ एकदम दिसत नाही. अशा वेळी ०.५८ पट दाखवणाऱ्या खिडकीचा कॅमेरा मिळाला तर घ्यावा, किंवा वर बसवायचा वेगळा फाइंडर वापरावा. २१ मि.मी.ला तर बहुतेक कॅमेऱ्यांवर वेगळा फाइंडर लागतोच. हा फाइंडर लेन्सच्या काही सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे त्यात जे दिसते त्यापेक्षा फिल्मवरची चौकट किंचित खालची असते. दहा मीटरवरच्या मंदिराला त्याने काही फरक पडत नाही. पाऊण मीटरवरच्या दुकानदाराचे कपाळ मात्र कापले जाते, म्हणून जवळच्या माणसाला टिपताना फाइंडरमध्ये डोक्यावर चार बोटे जास्तीची जागा सोडून मगच बटण दाबायचे.